भेटीचे तीन चौकोन

फोन आला तेव्हा मी लातूरच्या क्लासमध्ये दुपारच्या बॅचला संभाव्यता शिकवत होते. नंबर अनोळखी, म्हणून दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडून नांदेडच्या एक बाई बोलत होत्या. "म्याडम, मी हुडगे सरांच्या शेजारची. रविवारी तुम्ही आला होतात बघा, नंबर देऊन गेलात... सर गेले. दार तोडावं लागलं." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? मी म्हणाले, फळ्यावरचं अर्धं गणित पूर्ण केलं आणि मग बॅच सोडली. त्याला आता सहा आठवडे झाले. सरांवर चार चांगल्या ओळी लिहून दे, असं त्यांचे जुने विद्यार्थी म्हणतात. चांगल्या ओळी पुष्कळ आहेत, पण त्या माझ्या हातून लिहून होत नाहीत.

सर आम्हाला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. कपाळाला विभूती, खांद्याला झोळी आणि झोळीत चिंचोक्यांची पुरचुंडी. प्रत्येक चिंचोक्यावर शाईनं आकडा घातलेला. नमुना निवडायचा म्हणजे डोळे मिटून चिंचोका काढायचा, मग तो आकडा आवडो न आवडो. पोरं त्यांना चिंचोके मास्तर म्हणायची, मीही म्हणायचे. माझ्या वडिलांची अहमदपूरच्या मोंढ्यात धान्याची आडत होती, हे कळल्यावर त्यांनी मला उभं केलं. "मालाचा नमुना काढायला पोत्यात परखी कुठं टोचतेत तुझे वडील?" मी म्हटलं, हाताला येईल तिथं, वरच्या बाजूला. "आन् शेतकरी चांगला माल कुठं भरतो?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तळाला काय हाय ते तळाला गेल्याबिगर कळत न्हाई, बाई," म्हणाले. एवढं एकच वाक्य त्यांनी आयुष्यभर शिकवलं असं मला आता वाटतं, आणि तेवढंही मी शिकले नाही.

भूकंप झाला तेव्हा मी एम. एस्सी.ला होते. काही महिन्यांनी सरांकडे एका पाहणीचं काम आलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांना झोप लागते का, जेवण जातं का, कामावर जातात का, हे विचारायचं होतं. त्या उत्तरांवरून वस्तीत येणारे मनाचे डॉक्टर ठेवायचे की बंद करायचे, हे ठरणार होतं. सगळ्या शेडमध्ये जाणं शक्य नव्हतं. सरांनी चिंचोका काढून पहिलं घर ठरवलं आणि तिथून पुढं दर नववं. प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर तीन चौकोन होते: पहिली भेट, दुसरी भेट, तिसरी भेट. दार उघडलं नाही तर वेगळ्या वेळी परत जायचं, मग आणखी एकदा. तरी नाहीच उघडलं, तर ओळ कोरी ठेवायची. शेजारचं घर घ्यायचं नाही. आम्ही कुरकुर केली, तेव्हा सर म्हणाले, "दार उघडतो तो माणूस थोडा तरी सावरलेला असतो. आपल्याला न उघडणाऱ्याचं ऐकायचंय."

सत्तावीस नंबरच्या शेडला मी दुपारी गेले. पत्रा तापला होता. कडी आतून होती. मी दार वाजवलं, आतून खोकल्याचा आवाज आला, पण कुणी उठलं नाही. शेजारच्या शेडमधली बाई बाहेर आली. "न्हाई उघडायची ती. दोन्ही लेकरं गेल्यापासून आसंच हाय. या की, माझं लिव्हा." लातूरची एस.टी. सुटायला अर्धा तास होता. मी तिच्या ओट्यावर बसले, तिनं पाणी दिलं. झोप लागते, हाव. कामाला जाते, हाव. डॉक्टर कशाला, त्ये काय देतंय. सगळं सत्तावीस नंबरच्या फॉर्मवर लिहिलं, तिन्ही चौकोनांत एकाच पेनानं बरोबरच्या खुणा केल्या आणि बस पकडली. त्या बसमध्ये मला छान झोप लागली होती, हेही सांगून टाकते.

अहवाल गेला. लोक सावरत आहेत, असं त्यात होतं. डॉक्टरांची गाडी बंद झाली. असं करणारी मी एकटीच होते का, मला आजही माहीत नाही. सर नेहमीप्रमाणे काही घरं स्वतः तपासायला गेले, त्यात चिंचोक्यानं सत्तावीस निघालं. शेड रिकामं होतं. तिथल्या बाईनं पंधरा दिवसांपूर्वी विहीर जवळ केली होती. सर परत आले, मला बोलावलं. "सुनंदा, सत्तावीसला किती बार गेलीस?" मी म्हणाले, "तीनदा, सर." ते म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहणीचं काम देणाऱ्या कार्यालयाला पत्र दिलं, "पाहणीत चूक आहे, चूक माझी आहे, अहवाल मागं घ्या." तिथल्या साहेबांनी विचारलं, "एका घरानं काय फरक पडतो, सर?" पत्र तसंच पडून राहिलं.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लीगल्लीत वसतिगृहं, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो. मी त्यात शिरले आणि माझं बरं झालं. निवृत्तीनंतर सरांनाही नांदेडच्या एका क्लासनं गणिताला घेतलं. तिथं त्यांनी आपणहून पटावरच्या सगळ्या मुलांची यादी घेतली, चिंचोके काढले आणि मधेच क्लास सोडून गेलेली मुलं शोधत धर्माबाद, देगलूरपर्यंत एस.टी.नं फिरले. मालकानं हात जोडले. "सर, नापासाचा फोटो कोणी लावतं का हो?" सर म्हणाले, "फोटो लावू नका. जिती हायत का तेवढं तरी बघा." दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. हे त्यांनी मला फोनवर हसत हसत सांगितलं. सरांच्या पत्नी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. आता बोलायला पुरचुंडीच उरली, म्हणाले.

शेवटचा फोन शुक्रवारी आला. "काय करून राहिलीस? जरा येऊन जा. बोलायचं होतं." रविवारी गेले. दार आतून बंद होतं. वाजवलं. आत पंखा चालू होता, त्याचा कटकट आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. झोपले असतील, म्हटलं. शेजारच्या बाई डोकावल्या. "सर ना? बरे हायत की. काल सकाळी तर दूध घेतलं." मी त्यांच्याकडे चहा घेतला, त्यांचीही विचारपूस केली, नंबर दिला आणि संध्याकाळची बॅच गाठायला लातूरची बस धरली. सर आत तापानं पडून होते, आणखी दोन दिवस जिवंत होते, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर त्यांच्या पुतण्यानं झोळी माझ्याकडे दिली. पुरचुंडीखाली एक घडी घातलेला फॉर्म होता. सत्तावीस नंबरचा. माझ्या अक्षरातली सगळी उत्तरं लाल शाईनं खोडलेली, खाली सरांच्या हातचं "भेट झाली नाही", आणि तपासनिसाच्या जागी नव्हे, तर जिथं माझी सही होती तिथं, तिच्यावरून त्यांची सही. म्हणजे तपासायला गेले त्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं, शेजारणीनं सांगितलं असणार. शुक्रवारी त्यांना यावरच बोलायचं होतं की आणखी कशावर, ते मला कळणार नाही.

वरच्या तीन चौकोनांपैकी दोहोंतल्या खुणा त्यांनी खोडल्या आहेत. पहिल्यातली तेवढी ठेवली आहे. एकदा तरी गेले होते, एवढं त्यांनी माझ्या नावावर राहू दिलं. तो फॉर्म आता माझ्या टेबलावर असतो. नांदेडच्या त्या दारासाठीही मला एवढीच खूण करता येईल.