पाच मजल्यांची कविता

लिफ्टमामांची पहिली भेट झाली तेव्हा मी चार मजल्यांत निदान चार जन्म जगलो. खांद्यावर गादी, बगलेत टेबलफॅन, पाठीशी बायको. आणि समोर स्टुलावर बसून लिफ्ट चालवणारा हा मिशाळ गृहस्थ मला सांगत होता की माणसानं आपला भार आपणच उचलावा. म्हटलं, मग मी दुसरं काय करतोय?

मामा एक जुनी कविता म्हणत होते. कसं जगावं ते सांगणारी, पाच कडव्यांची. इमारतही पाच मजल्यांची, आणि लिफ्ट इतकी संथ की मजल्याला एक कडवं अर्थासकट बसे. त्यामुळे जो ज्या मजल्यावर राही, तेवढाच सुधारे. पहिल्या मजल्याची गाडी आपला भार उचलण्यापुढे गेलीच नाही. दुसऱ्याला ‘उगाच मत देऊ नये’ एवढं कळलं. तिसऱ्याला ‘पिकलं पान धरून ठेवू नये’, आम्हा चौथ्यांना ‘मिळेल ते गोड मानावं’. पाचवं कडवं फक्त पाचव्यावर एकट्या राहणाऱ्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक. तळमजल्याचे लोक होते तसेच राहिले. उतरताना मामा गप्प असत. उतरणाऱ्याला उपदेश पचत नाही म्हणे. मी एकदा पाचवं कडवं आगाऊ मागितलं, तर म्हणाले, "वर घर घ्या."

मग सोसायटीनं बटणांची लिफ्ट बसवायचं काढलं. म्हणजे मामांचं स्टूल जाणार. सभेत हात वर करून निर्णय होणार होता. मामांना वाचवायची शक्कल मलाच सुचली. म्हटलं, मामा, आदल्या दिवशी कविता अशी म्हणा की एकेकाच्या काळजात उतरली पाहिजे.

मामांनी दिवसभर जीव ओतला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू डोळे पुसत बाहेर पडल्या. तिसऱ्यावरचे वकील आपला मजला आला तरी उतरेनात. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

कविता खरोखरच काळजात उतरली होती. सभेत पहिला मजला म्हणाला, आपलं बटण आपणच दाबावं. दुसऱ्यानं मतच दिलं नाही. तिसऱ्यातर्फे वकील पिकल्या पानावर बोलले, तेही मामांकडे अत्यंत प्रेमानं बघत. आमच्या चौथ्यानं लागेल तो निकाल गोड मानायचं ठरवलं. बायकोनं डोळे वटारले आणि माझा हात अर्ध्यावरून खाली आला. तळमजल्याला लिफ्टशी देणंघेणं नव्हतं, पण सभा लवकर आटपावी म्हणून त्यांनी बटणांसाठी दोन्ही हात वर केले.

डॉक्टरीणबाई तेवढ्या मामांच्या बाजूनं उभ्या राहिल्या.

"मामा, तुम्ही तरी काही बोला."

"काय बोलू, ताई? पाचवं कडवं तुम्हाला पाठ आहे."

बाई खाली बसल्या. मी हळूच विचारलं, काय आहे हो पाचवं?

"सुटलं त्याच्यामागे धावू नये," त्या म्हणाल्या आणि रुमाल शोधू लागल्या.

महिनाअखेरीला मामा मुलीकडे राहायला गेले. तिचं घर तळमजल्यावर आहे.