पंप ठणठणीत होता

फवारामामांच्या टँकरचा पंप आळशी, असा साऱ्या पाणीखात्याचा समज होता. खरं तर आळस मामांचा. चहाची तल्लफ आली की मामा टँकर कडेला घेत आणि बिनदिक्कत सांगत, "पंपात हवा धरलीय." पंप बिचारा मुका. वीस वर्षं बदनामी मात्र त्याच्या नावावर.

वर्षातून एकच दिवस मामा पंपावर आळ घेत नसत. चौकातल्या पुतळ्याला आंघोळ घालायच्या दिवशी. पुतळा देशाच्या थोर नेत्याचा. या माणसाने हात न उगारता, नुसतं रस्त्यावर ठाण मांडून बसून राज्यकर्त्यांना घाम फोडला होता. सगळं शहर त्या पुतळ्याला 'आजोबा' म्हणे. त्यांच्या पुण्यतिथीला मामा अगदी बारीक धार सोडत, कारण आजोबांचं नाक डागडुजीचं. जोराचं पाणी त्याला सोसत नसे.

त्या वर्षी मामा पोचले, तर पायथ्याशी चाळीसएक सफाई कामगार बसलेले. घोषणा नाही, फलक नाही. प्रत्येकाने उघडे तळवे मांडीवर मांडलेले, कचऱ्यातल्या काचांनी चिरलेले. हातमोजे द्या, एवढंच मागणं होतं. दोन वर्षं अर्ज देऊन झाले होते. पुढच्याच रांगेत मामांची धाकटी बहीण; तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"अगं, तू इथे?"

"मग कुठे बसू, दादा? बसून भांडायचं यांनीच शिकवलं ना!" तिने मानेनेच आजोबांकडे खूण केली.

"ऊठ बाई. साहेब डोक्यात राख घालून येतील."

"येऊ देत. आमचं ठरलंय. कुणी मारलं तरी हात उचलायचा नाही आणि शिवी द्यायची नाही."

"त्यातलं शिवीचंच जड जाणारे हिला," शेजारची म्हातारी म्हणाली, आणि रांगेत खसखस पिकली.

हसू विरायच्या आत सफाईखात्याचे साहेब गाडीतून उतरले. नऊला मंत्री पुष्पचक्र वाहायला येणार होते आणि साडेआठ वाजून गेले होते. साहेबांनी दोनदा दरडावलं. कुणी जागचं हललं नाही. मग त्यांची नजर टँकरवर गेली.

"मामा, पंप चालू करा. यांच्यावर धार सोडा. पूर्ण दाबाने."

मामांनी पंप चालू केला खरा, पण नळीचं तोंड जमिनीकडेच धरलं. पूर्ण दाब म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? एकदा भिंत धुताना त्या धारेने गिलावाच सोलून काढला होता. आणि इथे समोर बहिणीचा पट्टीतला हात.

वीस वर्षांची सवय जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. हवा धरलीय म्हणायचं, की बहीणही वाचली आणि नोकरीही.

"काय, हवा धरली वाटतं?" साहेब कुत्सितपणे म्हणाले.

मामांनी समोर पाहिलं. चाळीस माणसं हात उघडे टाकून बसली होती. आणि आपण पंपाच्या आड लपायचं?

"नाही साहेब. पंप ठणठणीत आहे. मी सोडणार नाही."

"घरी बसावं लागेल!"

"हो," मामा म्हणाले. आवाज इतका बारीक, की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. त्यांनी नळी हळूच खाली ठेवली, बहिणीपाशी गेले आणि म्हणाले, "सरक जरा."

साहेबांनी स्वतःच नळी उचलली आणि तोंडाशी असलेली पितळी तोटी पूर्ण फिरवली. पहिला फटका मामांच्याच छातीवर. श्वास अडकला. शेजारची म्हातारी कलंडली, पण एकही हात उठला नाही. बहिणीने ओठ असे आवळले होते, की शिव्या नुसत्या डोळ्यांत जमल्या होत्या.

ती धार काही नवख्याला पेलणारी नव्हती. नळी साहेबांच्या हातून निसटली आणि सापासारखी उसळली. साहेब चारी मुंड्या चीत. पितळी तोंड सणसणत त्यांच्या कानाजवळून गेलं. दुसरा फटका कपाळातच बसता.

"बरं झालं!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

मामा मात्र केव्हाच टँकरकडे धावले होते. नळीला हात न लावता त्यांनी आधी पाणी तोडायचं मुख्य चाक आवळलं. नळी निपचित पडली. मग साहेबांना बखोटीला धरून उठवलं. "लागलं का हो?"

तेवढ्यात मंत्र्यांची गाडी आली, आणि मंत्र्यांना आधी दिसले ते चाळीस ओलेचिंब माणसांचे उघडे तळवे.

दुपारी साहेबांनी मामांना बोलावून अहवाल पुढे सरकवला. पंपात बिघाड झाल्यामुळे अपघात. चालकाचा दोष नाही. "सही करा. तुम्हीही सुटाल, मीही."

मामांनी तो दोनदा वाचला, आणि पेनाला टोपण लावलं.

"वीस वर्षं त्या पंपावर खोटा आळ घेतला, साहेब. आज त्याने काही केलेलं नाही."

मामांची बदली गोदामात झाली. महिन्याभराने तिथे हातमोज्यांची पहिली खोकी आली, आणि ती उतरवून घ्यायला मामाच होते. बहिणीसाठी एक जोड बाजूला काढताना त्यांनी तो आधी आपल्या हातात चढवून पाहिला. बोटं दाबून, वाकवून, शिवण न् शिवण तपासून.