एकी-बेकी

दहिवलीच्या शाळेत बरीच वर्षं शिकवल्यावर माझ्याकडे वेगळंच काम आलं. कर्जत-खालापूरच्या प्राथमिक शाळांमध्ये जायचं आणि तिथल्या शिक्षकांना खेळातून शिकवायला मदत करायची. त्यातली एक शाळा डोंगराच्या पायथ्याशी, आदिवासी वाडीवर होती. तिथल्या बाई मोहोपाड्याहून स्कूटीवर यायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, "ताई, तुम्ही म्हणता म्हणून करू. पण वर्गात गलका झाला ना, की मला वाटतं आज काही शिकवलंच नाही."

मी पुठ्ठ्याचा मोठा फासा नेला होता. फरशीवर खडूने आकड्यांची पट्टी आखली. फासा टाकायचा, तेवढ्या उड्या मारायच्या, जिथे पोचू तो आकडा सम की विषम ते सांगायचं. मुलं शिस्तीत रांगेत उभी राहिली. एकेकाने उड्या मारल्या, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत अंदाजाने 'सम' म्हटलं आणि पुन्हा रांग धरली. कुणी हसलं नाही. कुणी भांडलंसुद्धा नाही.

"झाला खेळ," बाई म्हणाल्या. "आता शिकवू?"

मला वाईट वाटण्याऐवजी कोडंच पडलं. फासा होता, उड्या होत्या, मग यातला खेळ गेला कुठे?

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन मुलं अंगणात पांगली. आम्ही पायरीवर बसलो होतो. समोर आंब्याखाली चांगलाच आरडाओरडा चालला होता. दोन मुली समोरासमोर बसल्या होत्या, भोवती बाकीच्यांचा घोळका.

"काय खेळतायत हो?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. सुट्टीत मी आत माहिती भरत बसते," बाई म्हणाल्या. मग त्याच उठल्या. मी मागोमाग गेले.

एकीने मुठीत चिंचोके लपवले होते. दुसरी ओरडली, "बेकी!" मूठ उघडली. चिंचोके जोड्याजोड्यांनी मांडले, एकही सुटा उरला नाही. ओरडणारीने सगळे उचलून घेतले.

"अगं, एकी-बेकी!" बाई म्हणाल्या. "मामाकडे आम्ही उन्हाळाभर हेच खेळायचो." आणि पदर खोचून त्या खाली बसल्या. मुलं आधी जरा मागे सरकली. बाई पहिला डाव हरल्या, मग दुसराही, आणि अंगणात एकच हशा पिकला.

मला राहवेना. विषम म्हणजे एकी, सम म्हणजे बेकी. सकाळी वर्गात अंदाजाने उत्तर देणारी हीच पोरं इथे जोड्या लावून खात्री करून घेत होती. मी म्हटलं, "बाई, दोघींच्या मुठीत एकी असली आणि सगळं एकत्र केलं, तर काय होईल?"

"थांबा, बघूच," बाई म्हणाल्या. एकत्र केलं. बेकी. पुन्हा वेगळे घेतले. परत बेकी.

"दर टायमाला असंच व्हतं?" एका मुलाने विचारलं. त्याचा विश्वास बसेना. तो मुठी भरभरून चिंचोके मांडत राहिला. तेवढ्यात बाईंना हरवणाऱ्या मुलीने दोन्ही मुठींच्या ढिगांतला एकेक सुटा चिंचोका उचलून शेजारी शेजारी ठेवला.

"बाई, यो एकटाच राहिला व्हता ना? त्येचा जोडीदार तिकडं हाय."

बाई त्या दोन चिंचोक्यांकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं मी हा नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेते," त्या म्हणाल्या. "असं का होतं, ते मीही कधी विचारलं नव्हतं."

सुट्टी संपली तरी घंटा द्यायचं कुणालाच सुचलं नाही. नंतर मुलांनी चिंचोके वर्गात आणले आणि फरशीवरच गणिताचा तास झाला. गलका भरपूर होता. बाई मधूनच दाराकडे बघायच्या, कुणी साहेब आले की काय म्हणून. मग पुन्हा खाली वाकायच्या.

पुढच्या महिन्यात शिक्षण परिषदेला परिसरातल्या शाळांचे शिक्षक जमले, तेव्हा बाईंनी आपण होऊन हा प्रसंग सांगितला. एका तरुण गुरुजींनी विचारलं, "गणिताचं ठीक आहे हो. भाषेच्या तासाला काय खेळायचं?"

"ते मला नाही सांगता यायचं," बाई म्हणाल्या. "मी आता रोज सुट्टीत बाहेर बसते. परवा पोरींनी एकमेकींना कोडी घातली, त्यांच्या बोलीत. निम्मी मला कळलीच नाहीत. तीच समजून घेतेय सध्या."