नकाशात ज्वारी, तक्त्यात शून्य

मित्रहो, पाय भरून आलेत, तरी सांगतो. बी.ए.ला अर्थशास्त्र आणि भूगोल सोबत घेतल्याचं फळ आज मिळालं.

सकाळी भूगोलासाठी आमच्या वाटूरच्या शिवाराचा नकाशा काढला. जिकडंतिकडं डोक्याएवढी उंच ज्वारी, कणसं दाण्यांनी भरलेली.

दुपारी अर्थशास्त्राच्या तक्त्यासाठी घरोघर पीक विचारत फिरलो. सगळ्यांचं एकच, "बिलकुल न्हाई झाली ज्वारी, पोरा." सरकार सक्तीच्या लेव्हीत पिकाच्या हिशेबानं धान्य उचलून नेतंय, मंग खरं कोण सांगणार? वर प्रत्येक घरानं बसवून भाकरी वाढली, ज्वारीचीच.

शेवटचं घर आमचं. बाबा म्हणाले, "आपली बी न्हाईच लिही."

लिहिलं. आता तुम्हीच सांगा, नकाशात रंगवलेलं आमचं वावर पुसू का?