सिंगापूरसाठी जपलेले अंगठे

माझी शेजारीण पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारते. कुठेही बसली की तिचा अंगठा खुर्चीवर, पेल्यावर, भिंतीवर फिरतो आणि खडबडीत लागलं की ती नाक मुरडते.

आमच्या महिला मंडळाची चार दिवसांची सिंगापूर सहल ठरली. तिथल्या विमानतळावर यंत्रावर दोन्ही अंगठे टेकावे लागतात, असं कळलं. हिच्या अंगठ्यांच्या रेषा तर पेपराने केव्हाच पुसलेल्या. मी म्हटलं, "राहू दे गो."

"नाय. मी जानार."

तिने महिनाभर पेपर हातात धरला नाही. इतकी जुनी कारागीर, पण रंगाचे डबे धूत बसली आणि रोज अंगठ्यांना खोबरेल चोळत राहिली. कारखान्यातल्या बायका हसल्या, तरी तिने मान वर केली नाही.

सिंगापूरला यंत्राचा हिरवा दिवा लागला. पलीकडे जाताच तिने अंगठा तिथल्या खांबावर फिरवला. "पेपर बरा मारलाय," म्हणाली.

परतल्यावर दुसऱ्याच सकाळी ती गणपतीची सोंड घासत होती.

"अगो, रेषा परत जातील!"

"जाऊ देत. बँकॉकच्या आधी परत डबे धुवीन."