चावलेला माणूस

मोठ गावाहून झाशीला येणाऱ्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती, पण एका माणसाच्या शेजारची सीट रिकामी होती. त्याला कुत्रा चावला होता आणि तो इंजेक्शन घ्यायला निघाला होता, हे बसभर पसरलं होतं. मी मुद्दाम तिथे बसलो. तो मोबाईलवर झोंबींचा सिनेमा बघत होता. मध्येच बाटली उंच धरून सगळ्यांदेखत पाणी प्यायचा. पिसाळलेला माणूस पाण्याला भितो ना!

एकदा त्याला ठसका लागला.

"उतारो इसे!" मागून कुणीतरी ओरडलं. बस थांबली.

"देखा भैया? पिक्चर में भी दरवाज़ा ज़िंदा लोग ही बंद करते हैं," तो मला म्हणाला.

मी कंडक्टरला बजावलं, "सुई छूट गई तो ये मरेगा. इसे उतारना है तो पहले मुझे उतारिए."

बस निघाली. झाशीपर्यंत लोक माझ्यापासूनही अंग चोरून उभे होते.