रविवारचं तेल

मुलाच्या डोक्याला तेल लावणं हा माझा हक्क आहे, असं मी चाळीस वर्षं समजत आले. तो बाळ असताना त्याची टाळू भरली ती मीच. यांच्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे आम्ही दिल्लीत आलो, निवृत्तीनंतर मयूर विहारच्या फ्लॅटमध्येच राहिलो. हे गेले, मुलाचं लग्न झालं, तरी कोमट खोबरेल तेलाची वाटी घेऊन मी उभी राहिले की तो निमूट माझ्यापुढे बसायचा. सून हसायची. हसू दे.

गेल्या वर्षी नोएडाच्या ऑफिसातून येताना तो बाइकवरून पडला. हेल्मेट होतं, पण साहेबांनी पट्टा लावला नव्हता. बारा दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावर त्याने आम्हाला ओळखलं, शाळेतल्या गमती सांगितल्या, आणि मी देवापुढे साखर ठेवली. मग लक्षात आलं, जुनं सगळं जागेवर आहे, नवीन काही टिकत नाही. सकाळचे पोहे दुपारी आठवत नसत. एकदा गॅसवर दूध ठेवून तो बाल्कनीत जाऊन बसला, आणि पातेलं जळून कोळसा झालं. त्याला एकटं ठेवायची सोय राहिली नाही. सून गुरुग्रामला नोकरीला, मी बहात्तर वर्षांची. माझ्यानंतर याच्याजवळ दिवसभर कोण बसणार, हा एकच प्रश्न मला छळायचा.

डॉक्टरांनी एक उपचार सुचवला. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने डोक्याला बांधायचे, त्यातून अगदी मंद वीज सोडायची आणि त्याच वेळी टॅबलेटवर आठवणीचे खेळ खेळायचे. रोज वीस मिनिटं, शनिवार-रविवार सुट्टी. खात्री नाही, काहींना फायदा होतो, काहींना नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. दवाखान्यात यंत्र चालवणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं, "आंटीजी, बाल धोकर लाना, तेल बिल्कुल नहीं."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, असतात यांचे नियम. पोराच्या डोक्यात वीज जाणार, तर थोडा थंडावा नको? चौथ्या दिवशी मला राहवेना. मी त्याला हलक्या हाताने तेल लावलं, वरून नीट भांग पाडला.

यंत्र चालूच होईना. लाल दिवा लागायचा, टीं टीं करायचं. मुलीने स्पंज पुन्हा भिजवले, पट्टा आवळला, मग विचारलं, "आंटीजी, तेल लगाया है क्या?"

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. खोटं बोलणाऱ्या मुलांचे कान पिरगाळले. आणि मी धडधडीत म्हणाले, "नहीं तो."

तिने त्याला विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करताना त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. शेवटी म्हणाला, "मम्मी बोल रही है तो नहीं लगाया होगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या ज्या विसरण्यावर औषध शोधत आम्ही वणवण करत होतो, त्याच विसरण्याच्या आड मी लपले होते. मी तिथेच कबूल केलं. मुलगी रागावली नाही. तिने स्पिरिटच्या बोळ्याने त्याचं डोकं पुसलं आणि म्हणाली, "मेरी मम्मी भी यही करतीं. संडे को लगा दिया करो, शाम को शैंपू."

तेव्हापासून रविवार तेलाचा. बाकीचे दिवस मी हात आवरून बसायची. मेट्रोत त्याचे कोरडे, भुरभुरणारे केस दिसले की जीव तुटायचा. खेळात तो कधी जिंकायचा, कधी चिडून टॅबलेट बाजूला सारायचा. घरी विचारलं, आज काय खेळलास, की म्हणायचा, "खेळलो का?" मी पाठ फिरवून पोळ्या लाटायला लागायची.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. सून ऑफिसला गेली होती. थंडी कडाक्याची, मला वारांचा पत्ता नव्हता. मी तेल कोमट केलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्याला हाक मारली. तो आला, सवयीने खाली बसला. मी तेलात बोटं बुडवली, तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"आई, आज नको. यंत्र चालणार नाही."

मी म्हटलं, "अरे, आज रविवार ना?"

"रविवार काल होता. काल लावलंस की. मग संध्याकाळी शॅम्पू करायला लावलंस, पाणी गार होतं म्हणून मी ओरडलो तुझ्यावर."

खरंच ओरडला होता. मी त्याच्या मागे बसून रडले आणि तो सारखा मागे वळून विचारत राहिला, "अगं, एवढं काय झालं? पुढच्या रविवारी लाव ना." वाटीतलं तेल मग मी माझ्याच डोक्याला लावलं.